सुटे भाग बदलूनही गेम अडखळत असेल तर: डेस्कटॉपची क्रमवार तपासणी

डेस्कटॉपमध्ये नवे ग्राफिक्स कार्ड, नवा प्रोसेसर किंवा जास्तीची रॅम बसवल्यानंतर गेम पूर्वीपेक्षा सुरळीत चालेल, ही अपेक्षा रास्तच असते. आणि ती फोल ठरली की पहिला संशय नव्या भागावर येतो. पण तो भाग बदलून मागायला दुकानात जाण्याआधी, किंवा त्याच्या जोडीला आणखी एखादा भाग विकत घेण्याआधी, जरा थांबा. स्वतःचा आणि ओळखीच्यांचे संगणक तपासताना मला पुन्हा पुन्हा हेच दिसले आहे की नवा भाग बहुधा निर्दोष असतो, आणि अडचण त्याच्या जोडणीत, बायोसच्या (मदरबोर्डवरील मूळ सॉफ्टवेअरच्या) एखाद्या सेटिंगमध्ये, जुन्या ड्रायव्हरच्या अवशेषांत किंवा न बदललेल्या प्रोसेसरच्या मर्यादेत दडलेली असते. म्हणून पुढील क्रमात फुकट आणि झटपट होणाऱ्या तपासण्या आधी घेतल्या आहेत. कॅबिनेट उघडण्याची आणि खर्चाची कामे नंतर येतात.

उदाहरणादाखल नेहमी आढळणारा एक संगणक डोळ्यांसमोर ठेवू. बी४५० चिपसेटचा मदरबोर्ड, २०१८ साली आलेला सहा कोअरचा रायझेन ५ २६०० प्रोसेसर, ८ जीबीची एकच रॅम स्टिक आणि जीटीएक्स १०५० टीआय हे ग्राफिक्स कार्ड. या संगणकात आरटीएक्स ४०६० हे कार्ड आणि ८ जीबीची दुसरी स्टिक बसवली. सायबरपंक २०७७ मध्ये फरक लगेच जाणवला, पण व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक २ मध्ये एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेमची संख्या) जेमतेम वाढले आणि मधूनच चित्र अडखळू लागले. अशा संगणकात नेमके काय काय चुकलेले असू शकते, ते क्रमाने पाहू.

आधी जवळ काय असावे

सॉफ्टवेअरपैकी मोजणी आणि माहितीसाठी एमएसआय आफ्टरबर्नर आणि त्याच्याबरोबर येणारे रिवाट्यूनर, एचडब्ल्यूइन्फो, सीपीयू-झेड, जीपीयू-झेड, आणि जुना ड्रायव्हर काढण्यासाठी डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर, म्हणजेच डीडीयू, एवढी पुरेशी आहेत. ही सगळी मोफत मिळतात. मात्र ती त्यांच्या मूळ संकेतस्थळावरूनच उतरवावीत, कारण आफ्टरबर्नरच्या नावाची बनावट संकेतस्थळे तयार करून त्यांतून घातक प्रोग्राम पसरवल्याचे प्रकार घडलेले आहेत. आफ्टरबर्नर कोणत्याही कंपनीच्या कार्डावर चालते, कार्ड एमएसआयचेच असावे लागते असे नाही.

हत्यारांमध्ये चांगला फिलिप्स स्क्रूड्रायव्हर, थर्मल पेस्टची ट्यूब आणि धूळ काढायला मऊ ब्रश लागेल. कागदपत्रांमध्ये प्रत्येक भागाचे जीएसटी बिल, खोका, त्यावरील सिरियल नंबर आणि मदरबोर्डचे मॅन्युअल हवे. मॅन्युअल हरवले असेल तर मदरबोर्डचे पूर्ण मॉडेल नाव पाहून निर्मात्याच्या संकेतस्थळावरून त्याची पीडीएफ घ्यावी. याच तयारीत आणखी एक गोष्ट मोडते आणि ती हमखास विसरली जाते: विंडोजमध्ये बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी सोय) चालू असेल, तर त्याची रिकव्हरी की आधीच फोनमध्ये किंवा कागदावर उतरवून ठेवावी. प्रोसेसर बदलल्यावर, बायोस अपडेट केल्यावर किंवा सेफ मोडमध्ये जाताना विंडोज ही की मागू शकते, आणि ती नसेल तर डिस्कवरचा डेटा हाती लागत नाही.

१. आजची स्थिती मोजून लिहून ठेवा

"गेम स्लो वाटतो" एवढ्या माहितीवर निदान होत नाही. एकच गेम, एकच प्रसंग आणि एकच सेटिंग ठेवून मोजणी करावी. सायबरपंक २०७७ आणि रेड डेड रिडेम्प्शन २ मध्ये बेंचमार्क आतच दिलेला असल्यामुळे हे काम सोपे होते. इतर गेममध्ये नकाशावरचा एक ठरावीक मार्ग निवडून तो तीनदा फिरावा.

सरासरी एफपीएसच्या जोडीला '१ टक्का लो' हा आकडाही नोंदवावा. सर्वांत संथ १ टक्का फ्रेम किती वेगाने आल्या, हे तो सांगतो. सरासरी ९० आणि १ टक्का लो २५ असेल, तर कागदावर गेम वेगवान असूनही डोळ्यांना तो अडखळतच दिसणार. ६० एफपीएसला प्रत्येक फ्रेमसाठी १६.७ मिलिसेकंद मिळतात आणि १४४ एफपीएसला ६.९; त्यामुळे मधूनच एखादी फ्रेम ८० मिलिसेकंद घेत असेल तर तो झटका कोणालाही जाणवतो.

नव्या कार्डावर किंवा नव्या ड्रायव्हरवर गेम पहिल्यांदा सुरू केला की त्याचे शेडर (कार्डावर चित्र रंगवणारे छोटे प्रोग्राम) नव्याने तयार होत असतात, आणि ते काम चालू असेपर्यंत अडखळणे स्वाभाविक आहे. गेम शेडर तयार करण्याची पट्टी दाखवत असेल तर ती पूर्ण होऊ द्यावी, नंतर थोडा वेळ खेळावे आणि मगच मोजणी सुरू करावी. कार्ड बसवल्याच्या पहिल्या संध्याकाळी काढलेल्या निष्कर्षांना फारसा अर्थ नसतो.

पुढच्या प्रत्येक पायरीला एका वेळी एकच बदल करावा आणि हीच मोजणी पुन्हा घ्यावी. एकाच बैठकीत ड्रायव्हर, बायोस आणि रॅम असे तिन्ही बदलले, तर गेम सुधारला तरी कशाने सुधारला ते कळत नाही, आणि बिघडला तर मागे येण्याचा रस्ताच राहत नाही.

२. कोण कोणासाठी थांबले आहे, ते ओळखा

सगळ्या तपासणीत ही पायरी सर्वांत मोलाची आहे, म्हणून तिला वेळ द्यावा. आफ्टरबर्नरच्या सेटिंगमधील मॉनिटरिंग भागात जाऊन ग्राफिक्स कार्डाचा वापर, तापमान, क्लॉक (कामाचा वेग) आणि व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी), प्रोसेसरच्या प्रत्येक थ्रेडचा (एकाच वेळी चालणाऱ्या कामाच्या धाग्याचा) वापर, प्रोसेसरचे क्लॉक, रॅमचा वापर, एफपीएस आणि फ्रेमटाइमचा आलेख एवढ्या गोष्टी स्क्रीनवर दिसतील असे करावे. मग एफपीएसची मर्यादा आणि व्ही-सिंक (एफपीएस मॉनिटरच्या रिफ्रेश रेटला बांधणारे सेटिंग) बंद करून गेम खेळावा.

ग्राफिक्स कार्डाचा वापर सतत ९५ टक्क्यांच्या वर असेल, तर कार्ड पूर्ण ताकदीने काम करत आहे. अशा वेळी एफपीएस वाढवायचे असतील तर गेमचे ग्राफिक्स सेटिंग किंवा रिझोल्यूशन कमी करणे हाच सरळ उपाय आहे. संगणकात बिघाड शोधण्यात अर्थ नाही. कार्डाचा वापर ५०-६० टक्क्यांवर रेंगाळत असेल, तर मात्र कार्ड रिकामे बसून कोणाची तरी वाट पाहत आहे, आणि तो 'कोणी तरी' बहुतेक वेळा प्रोसेसर किंवा रॅम असते.

इथेच अनेकांची फसगत होते. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा एकूण वापर ३५ टक्के दिसतो आणि "प्रोसेसरवर तर ताणच नाही" असा निष्कर्ष काढला जातो. रायझेन ५ २६०० मध्ये १२ थ्रेड आहेत; म्हणजे एक थ्रेड पूर्ण भरला तरी एकूण आकड्यात तो जेमतेम ८ टक्के दिसतो. बहुतेक गेमचे मुख्य काम एक-दोन थ्रेडवर अवलंबून असते. ते थ्रेड ९५-१०० टक्क्यांवर पोहोचले की उरलेले दहा मोकळे असून उपयोग नाही. विंडोज हे काम एका कोअरवरून दुसऱ्यावर हलवत राहते, त्यामुळे एकही थ्रेड सलग १०० टक्क्यांवर दिसेलच असेही नाही. म्हणूनच थ्रेडचे आकडे आणि कार्डाचा वापर हे दोन्ही एकत्र वाचायचे.

खात्री करण्यासाठी एक सोपी चाचणी आहे. रिझोल्यूशन १०८०पी वरून ७२०पी करावे. एफपीएस बरेच वाढले तर मर्यादा कार्डाची होती. जवळपास तेवढेच राहिले तर मर्यादा प्रोसेसरची किंवा रॅमची आहे, कारण रिझोल्यूशन कमी केल्याने प्रोसेसरचे काम फारसे घटत नाही. याच कारणामुळे प्रोसेसरची मर्यादा असताना डीएलएसएस किंवा एफएसआर अपस्केलिंग (कमी रिझोल्यूशनचे चित्र मोठे करून दाखवण्याची सोय) चालू करूनही फरक पडत नाही.

आपल्या उदाहरणातल्या संगणकात व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक २ मागे का राहिले, याचे पहिले उत्तर इथे मिळते. हे दोन्ही गेम कार्डापेक्षा प्रोसेसरवर जास्त विसंबतात. पण प्रोसेसर बदलण्याचा निर्णय अजून घ्यायचा नाही, कारण चुकीच्या सेटिंगवर चालणारी रॅमसुद्धा अगदी हीच लक्षणे दाखवते.

३. केबल आणि मॉनिटर

मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाच्या पोर्टमध्ये असायला हवी. ती मदरबोर्डच्या पोर्टमध्ये राहिली आणि प्रोसेसरमध्ये अंगचे ग्राफिक्स असेल, तर चित्र व्यवस्थित दिसते आणि नवे कार्ड कामच करत नाही. रायझेन ५ २६०० मध्ये असे ग्राफिक्स नसल्यामुळे तिथे स्क्रीन काळीच राहील आणि चूक लगेच कळेल. इंटेलच्या नावात 'एफ' नसलेल्या बहुतेक प्रोसेसरांवर किंवा रायझेनच्या 'जी' मालिकेवर मात्र ती अनेक दिवस लपून राहू शकते.

त्यानंतर विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टीम, डिस्प्ले, ॲडव्हान्स्ड डिस्प्ले या क्रमाने जाऊन रिफ्रेश रेट पाहावा. १४४ हर्ट्‌झचा मॉनिटर नवे कार्ड बसवल्यावर ६० वर आलेला असणे ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. एफपीएस नेमके ६०, ७२ किंवा १४४ वर अडकत असतील, तर गेममधील, ड्रायव्हरमधील आणि रिवाट्यूनरमधील मर्यादा अशा तिन्ही जागा तपासाव्यात. जुनी एचडीएमआय केबल बाजूला ठेवून शक्य तिथे डिस्प्लेपोर्ट वापरावे.

४. रॅम: सर्वाधिक दुर्लक्षित कारण

रॅमच्या खोक्यावर ३२०० लिहिलेले असले तरी ती आपोआप त्या वेगाने चालत नाही. मदरबोर्ड तिला सुरुवातीला २१३३, २४०० किंवा २६६६ अशा सुरक्षित वेगाने चालवतो. खोक्यावरचा वेग मिळवण्यासाठी बायोसमध्ये एक्सएमपी प्रोफाइल चालू करावे लागते. काही मदरबोर्डवर त्याला डीओसीपी किंवा ए-एक्सएमपी म्हणतात, आणि एएमडीच्या डीडीआर५ संगणकांवर एक्स्पो. पूर्वी हे सेटिंग चालू केलेले असले तरी बायोस अपडेट केल्यावर, प्रोसेसर बदलल्यावर किंवा सीमॉस रीसेट केल्यावर (बायोसची सेटिंग मूळ स्थितीत आणल्यावर) ते पुसले जाते. अपग्रेडनंतर संगणक पूर्वीपेक्षाही संथ वाटू लागला, तर मी सर्वप्रथम हेच पाहतो.

तपासण्यासाठी टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स विभागातील मेमरीचे पान पुरते. सीपीयू-झेडमध्ये पाहत असाल तर तिथला आकडा निम्मा दिसतो हे ध्यानात ठेवावे: ३२०० ची रॅम तिथे सुमारे १६०० मेगाहर्ट्‌झ दिसते आणि ते बरोबर आहे, कारण डीडीआर रॅम प्रत्येक ठोक्याला दोनदा डेटा पाठवते.

दुसरा मुद्दा स्लॉटचा. दोन स्टिक लावताना त्या शेजारी-शेजारी लावल्या की बहुतेक चार स्लॉटच्या मदरबोर्डवर त्या एकाच चॅनलवर जातात आणि ड्युअल चॅनलचा (दोन मार्गांनी एकाच वेळी डेटा नेण्याचा) फायदा हातातून निसटतो. प्रोसेसरपासून मोजत गेल्यास दुसरा आणि चौथा स्लॉट, ज्यांवर सहसा ए२ आणि बी२ अशी अक्षरे छापलेली असतात, ही बहुतेक निर्मात्यांनी सांगितलेली जागा आहे. तरी आपल्या मॅन्युअलमधली आकृती हाच अंतिम शब्द मानावा. संगणक बंद करून, प्लग काढून, स्टिक दोन्ही टोकांना 'टक' असा आवाज येईपर्यंत दाबावी. काही मदरबोर्डवर एकाच बाजूला खटका असतो, आणि तिथे दुसरे टोक अर्धवट वर राहिलेले चटकन दिसत नाही.

आता आपल्या उदाहरणातली दुसरी स्टिक पाहू. जुनी ८ जीबी एका कंपनीची आणि नवी दुसऱ्या कंपनीची असेल, तर दोन्ही मिळून त्यांतल्या संथ स्टिकच्या वेगाने चालतात, आणि कधी एक्सएमपी चालू केल्यावर संगणक सुरूच होत नाही. असे झाले तर वेग ३२०० ऐवजी ३००० किंवा २९३३ ठेवून पाहावे. रायझेन ५ २६०० साठी एएमडीने दिलेली अधिकृत मर्यादाही २९३३ च आहे. तरीही अडचण राहिली तर एकाच खोक्यात जोडीने येणारी १६ जीबीची रॅम घेणे हिताचे. जुनी आणि नवी मिळून चार स्टिक लावण्याचा मोह डीडीआर५ वर तर टाळावाच, कारण चार स्टिकवर वेग बराच खाली आणावा लागतो.

५. कार्ड योग्य स्लॉटमध्ये आहे ना?

मदरबोर्डवर लांब दिसणारे दोन स्लॉट असले तरी ते सारखे नसतात. ग्राफिक्स कार्ड प्रोसेसरच्या सर्वांत जवळच्या लांब स्लॉटमध्येच बसवावे. बऱ्याच बी४५० मदरबोर्डवर खालचा लांब स्लॉट चिपसेटला जोडलेला असतो आणि त्याला पीसीआय एक्स्प्रेस २.० च्या चारच लेन (डेटा वाहणाऱ्या मार्गिका) मिळतात, म्हणजे सेकंदाला सुमारे २ जीबी. वरच्या स्लॉटमध्ये आरटीएक्स ४०६० ला सेकंदाला जवळपास ८ जीबी मिळतात.

हे कार्ड मुळातच आठ लेनचे आहे, त्यामुळे जीपीयू-झेडमध्ये सोळाऐवजी आठ दिसले म्हणून घाबरू नये. कार्ड पीसीआय एक्स्प्रेस ४.० चे असले तरी बी४५० त्याला ३.० वरच चालवतो. व्हीरॅम पुरेशी असेपर्यंत हा फरक किरकोळ असतो. ८ जीबी व्हीरॅम भरली आणि डेटा मुख्य रॅममधून आणावा लागला, की मग तो जाणवतो. जीपीयू-झेडमध्ये हा आकडा पाहताना त्यातील छोटी रेंडर चाचणी चालू करावी, कारण रिकाम्या वेळी वीज वाचवण्यासाठी कार्ड मुद्दाम पीसीआय एक्स्प्रेस १.१ पर्यंत खाली येते.

६. तापमान आणि वीज

एचडब्ल्यूइन्फो चालू ठेवून अर्धा तास गेम खेळावा आणि कमाल तापमानाचा रकाना वाचावा. रायझेन ५ ५६०० ची मर्यादा ९० अंश सेल्सियस, रायझेन ५ २६०० ची ९५, तर इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीची साधारण १०० आहे. या मर्यादेला टेकल्यावर प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो. रायझेन ७००० मालिकेतील 'एक्स' प्रोसेसर पूर्ण ताणाखाली ९५ अंशांपर्यंत जाण्यासाठीच बनवलेले आहेत, तेव्हा तिथे नुसत्या तापमानावरून काही ठरवू नये. क्लॉक खाली येतो का, ते पाहावे.

गेमच्या सुरुवातीला एफपीएस चांगले आणि दहा-पंधरा मिनिटांनी घसरलेले, हे उष्णतेचे ठळक लक्षण आहे. प्रोसेसर नुकताच बदलला असेल तर कूलरच्या तळाची पारदर्शक प्लॅस्टिकची चकती काढली आहे का, चारही स्क्रू सारखे आवळले आहेत का आणि पंख्याची वायर मदरबोर्डवरील सीपीयू फॅनच्या पिनांवरच आहे का, हे पाहावे. प्रोसेसरचा क्लॉक मध्येच एक गिगाहर्ट्‌झच्या खाली कोसळत असेल, तर मदरबोर्डचा वीजपुरवठा करणारा भाग तापत असण्याची शक्यता असते. स्वस्त मदरबोर्डवर आठ-बारा कोअरचा प्रोसेसर बसवल्यावर असे होते.

विदर्भ-खानदेशातल्या वाचकांनी ऋतूचाही हिशेब धरावा. खोलीचे तापमान २५ वरून ४० अंशांवर गेले, की आतल्या भागांचे तापमानही जवळपास तितक्याच अंशांनी वर जाते. जानेवारीत ७५ अंशांवर समाधानाने चालणारा संगणक मे महिन्यात मर्यादेला टेकतो, आणि दोष मात्र मार्चमध्ये घेतलेल्या कार्डाला दिला जातो. कॅबिनेटचे झाकण काढून एकदा मोजणी घ्यावी. तापमान पाच-सात अंशांनी उतरले तर हवा आत-बाहेर नीट खेळत नाही, हे सिद्ध झाले. कॅबिनेट भिंतीला चिकटवून किंवा टेबलाच्या बंद कप्प्यात ठेवू नये.

एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा) अपुरा असेल तर गेम संथ होण्यापेक्षा संगणक एकदम बंद पडणे किंवा रीस्टार्ट होणे जास्त संभवते. आरटीएक्स ४०६० साठी ५५० वॉटचा एसएमपीएस सुचवलेला आहे. कार्ड स्वतः ११५ वॉटच्या आसपास वीज घेते.

सावधगिरीच्या दोन गोष्टी इथे ठासून सांगतो. वेगवेगळ्या कंपन्यांच्या मॉड्युलर एसएमपीएसच्या केबल एकमेकांना लावू नयेत. प्लग बसला तरी आतल्या तारांचा क्रम निराळा असू शकतो आणि भाग जळतो. तसेच साटा किंवा मोलेक्सवरून (डिस्कसारख्या भागांना वीज देणाऱ्या जोडण्यांवरून) आठ पिनांची जोडणी करून देणारे कन्व्हर्टर ग्राफिक्स कार्डासाठी वापरू नयेत. आठ पिनांची जोडणी १५० वॉटपर्यंत वीज देण्यासाठी असते, आणि साटाची जोडणी तेवढा भार पेलत नाही.

७. ड्रायव्हर आणि विंडोज

एएमडीचे कार्ड काढून एनव्हिडियाचे, किंवा उलट, बसवले असेल तर डीडीयूने जुना ड्रायव्हर पूर्ण काढावा. नवा ड्रायव्हर आधीच उतरवून ठेवावा, इंटरनेट तोडावे, शिफ्ट दाबून रीस्टार्ट करत सेफ मोडमध्ये जावे, डीडीयू चालवावे आणि मग नवा ड्रायव्हर बसवावा. इंटरनेट तोडण्याचे कारण असे की मधल्या वेळात विंडोज स्वतःहून एखादा जुना ड्रायव्हर आणून बसवते. एकाच कंपनीचे कार्ड असेल तर एवढे करण्याची गरज सहसा पडत नाही.

मदरबोर्ड किंवा प्रोसेसर बदलल्यावर चिपसेटचा ड्रायव्हर निर्मात्याच्या संकेतस्थळावरून घ्यावा. मदरबोर्डच बदलला असेल तर विंडोज नव्याने टाकणे उत्तम. जुनी विंडोज नव्या मदरबोर्डवर चालते हे खरे, पण मग एखाद्या बारीक अडखळण्याचे कारण शोधण्यात जितका वेळ जातो, तितक्यात ती नव्याने टाकूनही होते. नव्या विंडोजला इंडेक्सिंग आणि अपडेट संपवायला काही तास द्यावेत. तोवरची मोजणी धरू नये.

विंडोज ११ मधील मेमरी इंटिग्रिटी हे सुरक्षा-सेटिंग काही संगणकांवर, विशेषतः जुन्या प्रोसेसरवर, एफपीएस कमी करते. ते गेमपुरते बंद करून पाहता येते, आणि मायक्रोसॉफ्टनेही गेम खेळणाऱ्यांना हा पर्याय सांगितलेला आहे. माझा सल्ला असा की फरक मोजावा, आणि तो नगण्य असेल तर सेटिंग पुन्हा चालू करावे. ज्या संगणकावर बँकेचे व्यवहार होतात तिथे तर ते चालूच राहू द्यावे.

८. बायोस: घाई करू नका

बी४५० वर रायझेन ५००० मालिकेचा प्रोसेसर बसवायचा असेल, तर बायोस आधी, म्हणजे जुना प्रोसेसर जागेवर असतानाच, अपडेट करावा. एएमडीच्या काही संगणकांवर एफटीपीएम या सुरक्षा-सोयीमुळे मधूनच एखादा सेकंद चित्र आणि आवाज अडखळत असे; एएमडीने २०२२ मध्ये ते मान्य करून बायोसमध्ये दुरुस्ती दिली. तुमचे लक्षण असेच असेल आणि बायोस त्याआधीचा असेल, तर अपडेट करण्यास सबळ कारण आहे.

इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये जास्त व्होल्टेजमुळे अस्थिरता येत होती, आणि २०२४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये त्यावर मायक्रोकोडची (प्रोसेसरच्या अंतर्गत सूचनांची) दुरुस्ती आली. त्या दोषात गेम बंद पडताना "व्हीरॅम संपली" अशा अर्थाचा संदेश येत असे आणि लोक ग्राफिक्स कार्ड बदलत बसत. या पिढीचा प्रोसेसर असेल तर नवा बायोस टाकलेलाच असावा.

अपडेट चालू असताना वीज गेली तर मदरबोर्ड सुरू न होण्याचा धोका असतो. यूपीएसशिवाय हे काम करू नये, आणि आपल्याकडे वीज जाण्याची जी वेळ ठरलेली असते ती टाळावी.

रीसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारे सेटिंग) चालू करण्यासाठी बायोसमध्ये 'अबव्ह ४जी डीकोडिंग' चालू आणि सीएसएम (जुन्या पद्धतीने संगणक सुरू करण्याची सोय) बंद करावे लागते. इंटेलच्या आर्क कार्डांना त्यावाचून बराच फटका बसतो. इतर कार्डांना गेमनुसार थोडा लाभ होतो. सीएसएम बंद करण्याआधी विंडोजच्या डिस्कची विभागणी जीपीटी या नव्या पद्धतीची आहे का ते डिस्क मॅनेजमेंटमध्ये पाहावे. ती जुन्या एमबीआर पद्धतीची असेल तर विंडोज सुरूच होणार नाही.

९. गेममधली सेटिंग

८ जीबी व्हीरॅमच्या कार्डावर टेक्श्चर (वस्तूंच्या पृष्ठभागाचे चित्र) 'अल्ट्रा' ठेवल्याने ठरावीक ठिकाणी झटके येत असतील, तर फक्त टेक्श्चर एक पायरी खाली आणावे, बाकी सगळे तसेच ठेवावे. प्रोसेसरची मर्यादा असेल तर गर्दीची घनता, दूरवर दिसणाऱ्या वस्तूंचे प्रमाण आणि रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचा मार्ग मोजून छाया-प्रतिबिंबे दाखवणे) कमी करावे. रे ट्रेसिंगचा भार कार्डाबरोबर प्रोसेसरवरही पडतो. मोठा खुला नकाशा असलेला गेम जुन्या हार्ड डिस्कवर असेल तर तो एसएसडीवर हलवावा. पाठीमागे चालणारे ब्राउझर, रेकॉर्डिंग आणि एकापेक्षा जास्त ओव्हरले बंद करून एकदा मोजावे.

इतके करूनही दुसऱ्या पायरीतील चाचणी प्रोसेसरकडेच बोट दाखवत असेल, तर खर्च तिथे करावा. आपल्या उदाहरणातल्या संगणकावर बायोस अपडेट करून रायझेन ५ ५६०० किंवा बजेट असल्यास रायझेन ७ ५७००एक्स३डी बसवता येतो. मदरबोर्ड आणि रॅम बदलावी लागत नाही. ग्राफिक्स कार्डावर आणखी पैसे घालून व्हॅलोरंट सुधारणार नाही.

१०. भाग खरोखर सदोष असेल तर

संशयित कार्ड मित्राच्या संगणकात आणि मित्राचे कार्ड आपल्या संगणकात लावून पाहणे, हा सर्वांत विश्वासार्ह पुरावा आहे. कार्ड दोन्हीकडे सारखेच वागले, तर दोष कार्डाचा. असे कार्ड मिळाले नाही तर ओळखीच्या दुरुस्तीवाल्याकडे चाचणीपुरती विनंती करावी.

वॉरंटीसाठी जाताना जीएसटी बिल, खोका, कार्डावरील आणि खोक्यावरील सिरियल नंबरचे फोटो आणि पहिल्या पायरीपासूनच्या मोजणीच्या नोंदी बरोबर न्याव्यात. नुसते "गेम अडखळतो" असे सांगण्यापेक्षा "कार्डाचा क्लॉक दहा मिनिटांनी अमुकवर येतो, तापमान तेव्हा अमुक असते, आणि दुसऱ्या संगणकातही हेच होते" असे लेखी दिले की दुकानदार किंवा सेवा केंद्र प्रकरण टोलवू शकत नाही. भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून घेतलेला असो की ऑनलाइन, बिलावर सिरियल नंबर छापलेला आहे याची खात्री घेण्याच्या वेळीच करावी. परदेशातून आणलेल्या किंवा बिलाविना घेतलेल्या कार्डाला भारतात वॉरंटी मिळेल असे गृहीत धरू नये. भाग जमा करताना तारीख, सिरियल नंबर आणि तक्रारीचे स्वरूप लिहिलेली पोच घ्यावी. वॉरंटीत असूनही दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते, आणि त्या वेळी हीच पोच उपयोगी पडते.